हकलबेरीची जागा आणि सीलबंद फवारा

३ ऑगस्ट, सोमवार
टपालाने आला: अस्वलाला पळवायचा फवारा, नग एक, ४२ डॉलर. टपालखर्च ५.७५. कमरेचा पट्टा मोफत, म्हणजे त्याचे पैसे डब्यातच लावलेले.
हौस माझी नव्हे. फवाऱ्याशिवाय यंदा बेरी तोडायला डोंगर चढायचा नाही, असं एल्डनने बजावलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, नवऱ्याला काळजी आत्ता सुचली. तिखटाच्या पाण्याला बेचाळीस डॉलर! माझ्या वाटेला अजून एकही अस्वल गेलेलं नाही. त्यांनाही कळतं.
पावतीवर छापलंय: सील न तोडता तीस दिवसांत परत केल्यास पूर्ण पैसे परत. तेव्हा सील तोडायचं नाही. हंगामभर मिरवायचा आणि धाडून द्यायचा.

५ ऑगस्ट
चर्चच्या तळघरात वनखात्याच्या बाईचं व्याख्यान. फवारा कमरेला, हाताशी ठेवा. चालताना मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. अस्वल दचकलं तरच अंगावर येतं. ओहायोच्या एका पाहुण्याने विचारलं, हे अंगाला चोळायचं का? कॉलेज शिकलेला माणूस! मी मॅट्रिक, पण डबा वाचते.
मागून शेजारची मर्ना म्हणाली, "आमची आर्लीन कसली बोलतेय? ती तर मांजरीसारखी जाणार!" सगळे हसले. हसू देत. इथे मोंटानात माणूस बँकेतली शिल्लक सांगेल, रानातल्या जांभळ्या हकलबेरीची जागा सांगणार नाही. माझी जागा सासूबाईंनी शेवटच्या आजारात कानात सांगितली, पोटच्या एल्डनला नाही. मर्ना वीस वर्षं वास काढत फिरते आहे. २९ तारखेच्या चर्चच्या विक्रीत चोवीस बरण्या जॅम माझा असतो. मर्नाचा नुसता साखरेचा पाक.
आवाज करायचा नाही. भजन मनात म्हणेन. प्रभूला मनातलं ऐकू येतं, अस्वलाचं तो बघून घेईल.

८ ऑगस्ट
मर्नाला चकवायला गाडी मुद्दाम उलट्या दिशेने, दफनभूमीकडे नेली. पाच मिनिटांत तिचा लाल पिकअप हजर. सासूबाईंना फुलं ठेवायला आले म्हटलं. "तीन बादल्या फुलं?" म्हणाली. रिकाम्या हाताने घरी. बाई फार भोचक.

१४ ऑगस्ट
दोन बादल्या मिळाल्या. झुडपाखाली अस्वलाची विष्ठा, ताजी, निळी. आमच्याच बेरी! मेला चोर! एल्डनला सांगितलं नाही, उगाच बाऊ करतो. फवारा बादलीत तळाशी, फडक्यात गुंडाळून. कमरेला लावला तर डब्यावर ओरखडे येतात.

१९ ऑगस्ट
अस्वल भेटलं. ग्रिझली, तपकिरी धूड. मी झुडपाच्या या बाजूला मुकाट्याने तोडत होते, ते त्या बाजूला मुकाट्याने खात होतं. दहा पावलांवर उभं राहिलं. फवारा बादलीच्या तळाशी, त्यावर तीन तासांची तोडणी. ती उपडी करावी लागली, एवढंच वाईट वाटलं. सील तोडायचा विचारही मनात आला नाही. मग मी आवाज केला. वनखात्यानेच सांगितलं आहे, आवाज करा. त्याला किंकाळी म्हणणं हा मर्नाचा आगाऊपणा.
कारण मर्ना खालच्या झाडीतच होती! "ए, हट! हट म्हणते ना!" करत वर धावली, कमरेचा डबा काढून सगळा रिकामा केला. नारिंगी ढग. अस्वल शिंकत पळालं, मीही शिंकले. मी सांभाळलंच असतं.
डोळे पुसून बघते तर मर्ना हात कमरेवर ठेवून चौफेर न्याहाळतेय. "अगं बाई! इथे होय!"

२० ऑगस्ट
मर्ना दारात. "माझा डबा तुझ्यापायी संपला. नवा आणून दे, तोंडाला कुलूप लावते. नाहीतर विक्रीच्या दिवशी जॅमबरोबर नकाशा वाटीन." ही चर्चला येणारी बाई!
एल्डन म्हणाला, "तुझाच दे की तिला." मन घट्ट करून दिला. तिने डबा उजेडात फिरवून पाहिला आणि खुर्चीवर बसून हसायला लागली. "आर्लीन, सीलवर हे दात कुणाचे गं? अस्वलाचे असे बारीक नसतात! राहू दे, चावायला तुलाच लागेल. मला नवा हवा."
एल्डन हसला नाही. डबा हातात घेऊन त्याने दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग न जेवता गोठ्याकडे गेला.

२१ ऑगस्ट
कंपनीला लिहिलं, नक्कल इथे ठेवते:
"सोबत फवारा परत करत आहे. सीलवर काही खुणा आहेत, मात्र सील तुटलेलं नाही, हे कृपया नीट पाहावं. खुणा कशाच्या, हे पावतीत विचारलेलं नाही. पैसे परत करायचे नसल्यास त्याच पैशांत न चावलेला एक डबा चालेल. शेजारणीला द्यायचा आहे. यजमान म्हणतात, मीही एक घ्यावा; त्याची किंमतही कळवावी. दोन एकदम घेतल्यास काही सूट? २९ तारखेच्या आत, उलट टपाली कळवावे."