कपाटातला कोळसा

२ जानेवारी, सकाळ
चहा आजही पांचट. चहापूड बदलली, साखर बदलली, पातेलंसुद्धा बदललं. राहता राहिलं पाणी. म्हणजे दोष पाण्याचाच. चहा बिघडला त्या आठवड्यात आम्हा दोघांना एकच ताप होता. मी उठलो, ही उठली नाही. तेव्हापासून नळानेही अंग काढून घेतलंय. असू दे. लाँड्रीच्या बॉयलरवर जन्म गेला माझा, पाणी मला कळतं. संकल्प : महिनाभरात हिच्या हातच्या चहाची चव परत आणायची.

५ जानेवारी
स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन नळकांडी उभी केली. पहिल्यात रेझिन, खसखशीएवढे पिवळे मणी. रेझिन म्हणजे सचोटीचा व्यापारी. पाण्यातला क्षार ठेवून घेतो, बदल्यात आपल्याजवळचा सोडियम देतो. थकला की मिठाच्या पाण्याने आंघोळ घालायची, पुन्हा दुकान सुरू. दुसऱ्यात दाणेदार कोळसा. हा मात्र पक्का कंजूष. वास, रंग, सापडेल ते अंगाला चिकटवून धरतो, बदल्यात छदामही देत नाही.
उरलेल्या पोत्याला कोरडी जागा हवी होती. हिच्या कपाटाच्या खालच्या खणात बरोब्बर बसलं.

६ जानेवारी
पहिलं पाणी काळंकुट्ट. कोळसा आधी धुऊन घ्यायचा असतो. माहीत होतं. तरी बघितलं.

९ जानेवारी
यश. चहावरचा तवंग गेला. साबणाला फेस इतका, की बादलीत मावेना. चव तेवढी यायची आहे.
शेजारची मास्तरीण दार वाजवून म्हणाली, काका, दूध करपतंय, वास पार जिन्यापर्यंत आलाय. बघितलं तर करपलं होतं खरं. शाळेतून निवृत्त झाली तरी बाईची दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची सवय जात नाही.

११ जानेवारी
रेझिनला आंघोळ घातली, साध्या पाण्याने खळबळायचं राहिलं. चहा खारट ढाण. पहिल्याच घोटाला ओळखलं. या वयात इतकी तल्लख जीभ कोणाची असते?
दुसऱ्या नळकांड्याची तोटी गळते. खाली पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यात टक टक. चहा उकळेपर्यंत ही ओट्यावर बोटांनी अशीच टकटक करायची. उशीर केला की जोरात. आज पेपर वाचता वाचता दोनदा ‘आलो आलो’ म्हणालो.
तोटी बदलायला हवी. बघू.

१४ जानेवारी
लेकीचा फोन. रविवारी येतेय, आईचं कपाट आवरायला. कपडे कोणाच्या तरी कामी येतील, बाबा, किती दिवस कवटाळून बसणार, म्हणाली. ये म्हटलं. त्यात काय.

तीच तारीख, दुपार
कपाट उघडलं. ही गेल्यावर एकदाच उघडलं होतं, पोतं ठेवायला. तेही श्वास रोखून. कोळशाची धूळ फार.
हिची शाल तोंडावर घेतली. काही नाही. केसांचं तेल नाही, कपड्यांच्या घड्यांत ठेवायची ती लिंबाची वाळकी सालं नाहीत. दुकानातून आत्ता आणावी अशी कोरी शाल.
मग पोत्याकडे नजर गेली.
चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्या मी. एकदा तापाने नेली, दुसऱ्यांदा मी घालवली.

१५ जानेवारी
खचायचं नाही. कोळसा काही नाहीसं करत नाही, धरून ठेवतो. तापवला की सोडतो. शास्त्र आहे हे. रविवारच्या आत हिचा वास कपाटात परत, लेकीला पत्ता लागता कामा नये.
पोत्यातले चार मुठी दाणे लोखंडी तव्यावर घेतले. खिडक्या बंद. शाल शेजारी पसरून ठेवली, म्हणजे सुटलेला वास सरळ घरी जाईल. तव्यावर तोंड धरून बसलो. वास शून्य. आच कमी पडली असणार.
तेवढ्यात मास्तरीण खोकत आत शिरली, धडाधड खिडक्या उघडल्या. शेगडीजवळचं फडकं अर्धं जळून गेलं होतं. घर पेटवताय का काका, म्हणाली. तुम्हाला काहीच कसं कळलं नाही? म्हटलं, बाई, प्रयोगात माणूस एकाग्र असतो.

१६ जानेवारी
वेगळी युक्ती. पोत्यातला कोळसा नळकांड्यात भरला, त्यातल्या पाण्याचा चहा केला. वास नाही तर नाही, निदान पोटात तरी जाईल. तीन कप. पांचट.
टकटक आज जोरात होती. रागावलीस का, विचारलं. उत्तर तेच, टक टक.

१८ जानेवारी, रविवार
लेकीला कोळशाचं सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. पण जिन्यात मास्तरणीने तिला गाठलं, आणि वर येताच लेकीने आधी कपाटच उघडलं.
कपड्यांत डोकं खुपसून किती तरी वेळ उभी राहिली. आतूनच म्हणाली, बाबा, अजून तस्सा आहे हो. तेल, लिंबाची सालं. आई आत्ता इथून उठून गेल्यासारखी.
शाल माझ्या तोंडाशी धरली. येतोय ना, विचारलं.
हो, म्हटलं. येतोय की.
ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, काहीतरी ठेचल्याचा आवाज झाला. परत येऊन म्हणाली, बाबा, डोळे मिटा. नाकाशी बोटं धरली. आता हे काय आहे?
शाल, म्हटलं.
डोळे उघडले तर तिच्या बोटांत लसूण.

तीच तारीख, संध्याकाळ
कपाट आवरणं तूर्त रद्द. उद्या तिच्याबरोबर नाकाच्या डॉक्टरकडे. सर्दी असणार.
चहा तिने केला, सरळ नळाच्या पाण्याचा. अगदी आईसारखा झालाय, म्हणाली आणि डोळे पुसले. मी दोन कप घेतले. गरम होता.
निघताना तिने विचारलं, ही नळकांडी काढून टाकू का, उगाच गळताहेत. राहू दे म्हटलं. कान अजून शाबूत आहेत माझे.