पांढरी साडी, कडक इस्त्री

पेंडल हिल, १४ जुलै २००८

चि. क्षितिजा हिस,
आत्याचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

सुट्टीत येऊन गेलीस आणि घर ओकंबोकं झालं. मेलबर्नच्या थंडीत स्वेटर घालतेस ना, की तिथल्या पोरींसारखी उघड्या पायांनी हिंडतेस?

आजारपणाच्या भत्त्याच्या ऑफिसातली तपासणी छान झाली. पांढरी साडी बघून बाई लव्हली, लव्हली म्हणाली. सांधेवाताचं विचारलं, तर म्हटलं, थोडं दुखतं, नो वरीज. साहेबापुढे स्वच्छ कपड्यांत, ताठ मानेनं जायचं, रडगाणं गायचं नाही, हे तुझ्या आजोबांनीच शिकवलंय. आता कागद आलाय की मी आठवड्याला तीस तास काम करू शकते! सोमवारपासून भाजी पॅक करायच्या शेडमध्ये जायचं. नाही गेले तर भत्ता बंद. बघू. तू अभ्यास कर.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी रेखाआत्या

ग्लेन वेव्हर्ली, २७ जुलै २००८

ती. आत्यास,
क्षितिजाचा सप्रेम जय भीम.

फोनवर 'ठीक आहे' म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. अगं, डोकं फिरलंय का तुझं? निऱ्या मी घातल्या, पिना मी लावल्या, ब्लाऊजचे हुक मी लावले, वेणीसुद्धा माझीच. त्या बाईला वाटलं, हिचं हिला सगळं आवरतं! नटवून पाठवलं मीच, आता स्वतःचाच राग येतोय. युनिव्हर्सिटीत लक्ष नाही, काल हॉटेलातल्या शिफ्टला दोन ऑर्डरी चुकवल्या.

तुझ्या शेजारच्या शोभाकाकू म्हणाल्या, दोन दिवस शेडवर गेलीस आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. हे मला त्यांच्याकडून कळायचं? पुन्हा तपासणी मागता येते. डॉक्टरांची चिठ्ठी घे, मराठी दुभाषी माग आणि खरं सांग. ही भीक नाही गं. वीस वर्षं इथल्या फॅक्टरीत राबलीस, हक्क आहे तुझा.

चिडलेय, तरी तुझीच,
क्षितिजा

पेंडल हिल, १९ ऑगस्ट २००८

चि. क्षितिजा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र चार दिवस पुरवून लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

शुक्रवारी पुन्हा तपासणी झाली. दुभाषी फोनवर होती, बोलण्यावरून नागपूरकडची वाटली. काय काय जमत नाही, असं विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, सगळं ठीक आहे. ती ते इंग्रजीत सांगायला लागली तेव्हा मीच थांबवलं. माझं खोटं मलाच ऐकवेना. मग सगळं सांगितलं. निकालाला तीन आठवडे लागतील, तोवर शेड नाही. जीव थाऱ्यावर नाही बघ, पोस्टमनची गाडी वाजली की दार गाठते.

पण परक्या बाईला सांगितलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं, हे फार लागतंय मला. नळ फिरत नाही, म्हणून शोभा येईल त्याच दिवशी माझी अंघोळ होते. घास तोंडापर्यंत जाईपर्यंत निम्मा सांडतो. तू होतीस तेव्हा रोज ताटावर बसायला टाळाटाळ करायचे, भूक नाही म्हणायचे.

भूक होती गं.

तुझी,
आत्या