श्रियाच्या बशीतली चांदी

३ फेब्रुवारी, सोमवार

श्रिया फोनवर कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाली — "चांदी संपत आलीय." माझा हात ताटावरच थांबला! सुनेच्या तोंडी चांदी, तीही दबक्या आवाजात. ती बारामतीच्या बसला गेली तशी कपाट उघडलं. निरांजन, वाटी, करंडा — सगळं जागेवर. तरी कुठेतरी पाणी मुरतंय.

परसातल्या पेरूच्या फांद्या मात्र ओरबाडलेल्या. विचारलं तर म्हणे प्रयोगशाळेत पाला लागतो. पीएच.डी. करतेय की शेळ्या पाळतेय? आमचा अद्वय बसलाय चाकणला नोकरीला. त्याला सांगावं तर बायकोचीच बाजू घेणार.

४ फेब्रुवारी

यांची जखम आज पुन्हा वाहिली. अंगठ्याला चप्पल लागली एवढंच निमित्त, पण अंगात साखर. निमगावच्या पोरांना मैदानावर पळवणारा पी.टी.चा मास्तर, आता मोरीपर्यंत भिंत धरून जातो.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. पू तपासला तर रिपोर्टात एकाही औषधाला जंतू दाद देत नाही. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात फरक पडला नाही तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर भागलं तर बरं, नाहीतर पाऊल.

तिथे मी दगडासारखी ऐकत होते. घरी येऊन कणीक मळताना रडले.

६ फेब्रुवारी

श्रियाची पिशवी तपासली. हो, तपासली! डब्याखाली काचेची छोटी नळी, वर यांचं नाव चिकटवलेलं, आत पू माखलेला कापूस. म्हणजे काल दोघं कुजबुजत होते ते हेच! मला बघून यांनी पेपर तोंडावर धरला होता.

जेवताना सरळ विचारलं. हे शांतपणे म्हणाले, "व्हय, मीच दिलाय. तिच्या कामाला लागतो. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

घेतलंच असतं. आज पू नेते, उद्या यांच्या पायाला काहीबाही लावून बघेल. कदाचित लावतही असेल. माझा नवरा काय उंदीर आहे?

७ फेब्रुवारी

ड्रेसिंग नाकाशी धरून पाहिलं. पेरूचा वास नाही. पण वास येऊ देण्याइतकी ती भोळी नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

न सांगता बारामतीला तिच्या प्रयोगशाळेत गेले. म्हटलं, रंगेहाथ पकडावी.

ती दचकली नाही. स्टूल दिलं, सोबतच्या मोनाशी ओळख करून दिली आणि मला सगळं दाखवत बसली. पेरूच्या पाल्याचा काढा, त्यात चांदीचा क्षार. पाणी आधी पिवळं, मग कोऱ्या चहासारखं तपकिरी. त्यात चांदीचे कण, पण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. संपत आलेली चांदी ती ही!

मग झाकणाची एक काचेची बशी पुढे केली. आत सायीसारखा पांढुरका थर — यांच्या पायातले जंतू. दवाखान्यातल्या औषधांच्या टिकल्यांना खेटून वाढलेले, जणू काही झालंच नाही. आणि तपकिरी थेंबाभोवती रुपयाएवढं स्वच्छ गोल. तिथे एकही जंतू नाही!

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, मग आजच लाव यांना.

"नाही आई. हे बशीत झालंय. जिवंत मांसाला हे काय करेल, किडनीला काय करेल, मला माहीत नाही. आधी उंदरांवर, मग परवानग्या, त्यात वर्षं जातात. बाबांना मी लावणार नाही."

मी हात जोडले. सुनेपुढे! तिचे डोळे भरून आले, पण मान हलली ती नकारार्थीच. मग दोघी माझ्यासाठी चहा आणायला गेल्या. मी एकटीच त्या बशीकडे बघत बसले.

परत येताना बसमध्ये वाटत होतं, हिला पेपर छापायचाय, नाव करायचंय. तोवर माणसाचा पाय गेला तरी चालेल.

१० फेब्रुवारी

डॉक्टरांनी तारीख दिली. सतरा. हे हसून म्हणाले, "एक अंगठा गेल्यानं शिट्टी वाजायची थांबत न्हाय." मला हसू आलं नाही.

११ फेब्रुवारी

श्रिया रडवेली होऊन आली. प्रयोगशाळेतली त्या तपकिरी पाण्याची एक बाटली गायब आहे. तिच्या सरांचा संशय मोनावर, कारण दोघींचं काम सारखंच. सगळ्यांसमोर मोनाची पिशवी उपसायला लावली म्हणे. श्रिया सारखी म्हणत होती, मोना तसली नाही.

मी म्हटलं, कुणाचं काय सांगावं. आणि मेथी निवडत राहिले.

१२ फेब्रुवारी

मोना कामावर आली नाही.

१४ फेब्रुवारी

ड्रेसिंग आता मीच करते, दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू देत नाही. बाटली निम्मी झाली. आज जखमेच्या कडा काळ्या दिसल्या — चांदीनं की सडून? श्रिया बघताक्षणी सांगेल. ती बाहेर अंगणात कपडे वाळत घालतेय, आणि तिला हाक मारायला माझं तोंड उघडत नाही.