चुकीच्या नंबरावर एक थेंब

३ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश आहे. प्रयोगशाळा म्हणजे एक खिडकी, एक बेसिन आणि एक खुर्ची. पण खुर्ची माझी आहे. चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर हे काय कमी आहे? मोठ्या सिस्टरांनी रक्तातली साखर मोजायचं मशीन हातात दिलं, तळहाताएवढं. रोज सकाळी पेशंटच्या आधी त्याचीच परीक्षा घ्यायची. दोन बाटल्या आहेत, ‘लो’ आणि ‘हाय’. आतल्या द्रावणात साखर किती ते आधीच ठाऊक असतं. ‘लो’चा थेंब चाळीसच्या आसपास आणि ‘हाय’चा तीनशेच्या आसपास आला, की मशीन खरं बोलतंय. सिस्टरांनी तीनदा बजावलं, की आधी ‘तपासणी’चं बटण दाबायचं, नाहीतर तो आकडा शेवटच्या पेशंटच्या नंबरावर नोंदला जातो. मी म्हटलं, एवढी वेंधळी नाही हो मी.

घरी येऊन आईला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आम्ही दोघीच घरात, ऐकायला दुसरं कोण आहे?

७ मार्च, शुक्रवार

मशीन भलतंच चोख आहे. मोठ्या प्रयोगशाळेतून येणाऱ्या अहवालाशी प्रत्येक आकडा तंतोतंत जुळतो. असं कधी होत नाही, पाच-दहाचा फरक पडतोच. सिस्टर म्हणाल्या, चांगलं चाललंय ते तुला बघवत नाही का.

१० मार्च, सोमवार

निघालेच वेंधळी. बटण विसरले आणि ‘लो’चा थेंब तीन नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांच्या नंबरावर गेला. ४१. खोडायच्या आतच वॉर्डातून हाक आली. मास्तर घामाने थबथबलेले, जीभ जड झालेली. शिरेतून रक्त काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथूनही ४१च आला. ग्लुकोजच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, पण आकडा हलला नाही.

११ मार्च

मास्तर दुपारी गेले. शेवटपर्यंत ४१.

१२ मार्च

डॉक्टरांना सांगितलं, हे मशीन साखर मोजत नाही, ते ठरवतं. हे जे दाखवेल ते रक्ताला मुकाट्याने व्हावं लागतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा योगायोग आहे, मनाला लावून घेऊ नका, दोन दिवस रजा घ्या. आई मला न्यायला आली. माझी भीती घालवायची म्हणून सिस्टरांनी, मी नको म्हणेपर्यंत, तिचं बोट टोचलंसुद्धा. १०४ आला. आई म्हणाली, तुझ्यापेक्षा मी ठणठणीत आहे. वाटेत हसत होती. मी तिच्यावर उगाचच ओरडले.

१३ मार्च

सकाळी सव्वाआठला आई ओट्याला धरून खाली बसली. मला ओळखेना. मी दवाखान्यात फोन केला. आज मशीनची तपासणी सिस्टरांनी केली होती. त्या ओशाळून म्हणाल्या, अगं, मीच बटण विसरले, ३९ तुझ्या आईच्या नंबरावर गेला, खोडते आता.

डॉक्टर घरी आले, सलाईन लावलं. नोंद खोडली, तरी दुपारी ३९. चारला ३९. आता डॉक्टर योगायोग म्हणत नाहीत.

१४ मार्च

रक्ताचा थेंब घ्यायच्या चार पट्ट्यांसकट मशीन पर्समध्ये घालून घरी आणलं. चोरलं म्हणा. ‘हाय’चा थेंब टाकला तर ती तीनशेवर अडकेल. मला साधा, सुखाचा आकडा हवा होता. तिच्या नंबरावर माझं बोट टोचलं — ९२.

आईने डोळे उघडले. विचारलं, केस का नाही विंचरलेस. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

दुपारी

घाम फुटलाय, जीभ जड झालीय. माझ्या नंबरावर माझंच रक्त घेतलं. ३९.

तिला माझा गेला, मला तिचा आला.

साखर खाल्ली. डबाच रिकामा केला. ३९ —

१५ मार्च

माझंच अक्षर मला लागत नाही. आईने स्वयंपाक केला, दोन घास भरवले. खोदून खोदून विचारत होती. मी सगळं बोलून गेले, नंबर, बोट, सगळं. बोलायला नको होतं. तिने माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, बरं.

बरं काय —

एकच पट्टी उरलीय. फेकायला हवी. उठता येत नाही

आईने चष्मा लावलाय. मशीन तिच्या हातात आहे. माझा नंबर विचारतेय. मी सांगत नाही. पण पडद्यावर शेवटचा नंबर माझाच —

आई ठेव ते. मला चालतंय. मला काही होत नाही, तू बोट नको, आई, बोट