माझ्या नावावरची माणसं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मी स्वप्नाळू निघाले! इतकी वर्षं मला वाटत होतं, मी कजाग आहे.

झालं असं — नात कॉलेजातून आली ती मोबाइल नाचवतच. त्यात म्हणे एक प्रश्नावली आहे. हो-नाही म्हणत जायचं, की आपण स्वभावानं कुठल्या वाणाचे ते कळतं. वर हेही कळतं की गोष्टींच्या पुस्तकांतली कुठली माणसं आपल्याच वाणाची आहेत. म्हणजे कागदावरचे आपले सख्खे! ती मोबाइल आपल्या आईच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, हातात कोंबून आंघोळीला पळाली. "आई, आजीची तू भर गं."

मी आमच्या दुकानात विक्रीची बटणं निवडत होते. दोन-चार प्रश्नांना उत्तरं दिली. मग दुपारचं ऊन बरण्यांवर आलं, माझा डोळा लागला. उठले तर प्रश्न संपलेले. बाकीचे सुनेनं माझ्या वतीनं भरले. भरले तर भरले. एका घरात इतकी वर्षं काढली, तिला माझा स्वभाव माहीत नाही का!

निकाल — अबोल, स्वप्नाळू, मनातल्या मनात दूरदेशी राहणारी. अबोल! समोरच्या चपलावाल्याला सांगितलं तर त्याला ठसका लागला.

कागदा, तुझी-माझी ओळख जुनी, पण लिहिणारीबद्दल तुला कधी सांगितलंच नाही. ती माझी सून. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती लिहिते. तिचं अक्षर गोल आहे म्हणतात. मला मुंग्यांची रांग दिसते, पण शिस्तीची. माझा मुलगा गेल्यापासून हे बटणांचं दुकान आम्ही दोघीच चालवतो. नात तिचीच पोर.

हसू नकोस गं, लिही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नातीनं वाचनालयातून माझ्या सख्ख्यांची पुस्तकं आणली. तीन आणली. दीपस्तंभावरची बाई, एक स्टेशनमास्तर आणि एक धोबीण.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. लिहिणारी वाचते, मी निवडते. आमच्या दुकानात खणांवर नावं नाहीत, प्रत्येक खणावर आतलंच एक बटण अडकवून टाकलंय. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, काचेची. ऊन आलं की भिंतीवर ठिपके हलतात. पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. अशा वेळी गोष्ट ऐकली की कान ऐकतात आणि बाकीची मी तरंगते.

पहिली दीपस्तंभावरची. ही बाई भरल्या घरात राहते. रोज संध्याकाळी खिडकीतून लांबचा तो दिवा बघते. एके दिवशी दिवा लागत नाही. कुणाला काही वाटत नाही. ही मात्र ओढणी घट्ट बांधते आणि तो लावायला एकटीच होडीत बसून निघते.

होडीत बसते तिथं लिहिणारीचा आवाज घोगरा झाला. सर्दी असणार. उद्या वाफारा देते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

स्टेशनमास्तर मला आवडला नाही. जन्मभर गाड्यांना हिरवं निशाण दाखवलं आणि एके दिवशी निशाण दाखवता दाखवता स्वतःच शेवटच्या डब्यात चढला! मी म्हटलं, "अगं, मग मागून येणाऱ्या गाड्यांना निशाण कोण दाखवणार?"

लिहिणारी म्हणाली, "शिकेल कुणीतरी, आई."

बुधवार, १२ फेब्रुवारी

टाचणीबाई आली होती. नाटक कंपनीचा कपडेपट ती सांभाळते. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलते ते दातांतल्या दातांत. नवीन माणसाला वाटतं रागावलीय. पितळी बटणं हवी होती, राजाच्या अंगरख्याला. ती निवडता निवडता लिहिणारीला म्हणाली, "काय ठरलं मग?"

लिहिणारीनं माझ्याकडे बघितलं. मी झोपेचं सोंग घेतलं. या वयात हा एक फायदा आहे, कुठंही डोळे मिटले तरी लोकांना खरं वाटतं.

"नाही जमायचं."

"वर्षभराचा दौरा आहे. तुझ्यासारखा हात मला कुठं मिळणार? एक तारखेला निघतोय आम्ही. तोवर सांग."

"घरी आई आहेत. पोरीचं कॉलेज आहे. दुकान आहे."

बघ कागदा! पहिला नंबर माझा. मी म्हणजे दाराचा अडसर.

आता लिही, की मी हे काही ऐकलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी दुकानात डुलकी लागली आणि माझे तिन्ही सख्खे आले.

आधी दीपस्तंभावरची. ओढणी ओली, कोटाचं वरचं बटण तुटलेलं. मागं स्टेशनमास्तर, टोपी काखेत. धोबीण सगळ्यांत मागं, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. ही धोबीण कपडे धुता धुता साबणाचा फेस कुठं जातो ते बघायला नदीकाठानं चालत निघाली होती, ती पुस्तक संपलं तरी चालतेच आहे.

मी म्हटलं, या, बसा. आपण एका वाणाचे. बटणांचा खण पुढं केला. पण माझ्याकडे कुणी बघेचना! तिघंही माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. मागं काय, तर शिवणयंत्र आणि त्यावर वाकलेली लिहिणारी. दीपस्तंभावरचीनं मला हलकेच बाजूला सारलं — जशी आपण खिडकीपुढची कुंडी सारतो.

जागी झाले. यंत्र चालूच होतं. मी म्हटलं, "तुला भेटायला कुणी आलं होतं." ती म्हणाली, "कोण?" मी म्हटलं, "विसरले."

सोमवार, १७ फेब्रुवारी

नात सकाळी मोबाइल बघत खो-खो हसत होती. "आजी, 'गर्दीतून घरी आलं की दार लावून एकटं बसावंसं वाटतं' — याला तू हो म्हणालीस?"

मी? मी दारात बसून विजेच्या खांबाशीही गप्पा मारीन!

"आणि हे बघ — 'आपलं खरं आयुष्य दुसरीकडेच कुठंतरी चाललंय असं वाटतं.' हो. 'मनातलं बोलण्याआधी समोरच्याच्या सोयीचा विचार करते.' हो."

"समोरच्याची सोय? तुझे आजोबा असते तर खुर्चीवरून पडले असते."

मग मी तिलाच प्रश्न वाचायला लावले आणि माझी उत्तरं मी दिली. जागेपणी. निकाल आला — तोंडाळ, खट्याळ, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारी. माझ्या वाणाची पुस्तकातली माणसं कोण, तर राजालाही रांगेत उभं करणारी एक खानावळवाली आणि न्यायाधीशाचीच उलटतपासणी घेणारी एक कोल्हीण. हे झालं घरचं माणूस! कोल्हिणीवर तर माझा लगेच जीव जडला.

मग ते तिघं कुणाचे?

आता संध्याकाळ आहे, वही उघडली आहे आणि मी सांगतेय — लिही. त्या दुपारी मी झोपल्यावर मोबाइलला हो-नाही कोण म्हणालं ते मला कळलंय. स्वतःचं सांगितलं आणि नाव माझं घातलं.

पेन थांबलं.

थांबू नकोस. लिही. मी रागावले नाही असंही लिही. थोडी रागावलेय, पण ते कोल्हिणीचं काम.

तिनं पेन वहीत ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही झोपला होतात. एकेक प्रश्न येत होता. पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं, आई."

हे पण लिही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दोघी बटणं निवडत बसलो. यंत्रावरचं कापड काढलंच नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मी विचारलं, "जायचंय का तुला टाचणीबाईबरोबर?" आता झोपेचं सोंग कशाला!

"नाही."

"खरं सांग."

"तुम्हाला कोण बघणार?"

"मी काय दुधावरची साय आहे का, झाकून ठेवायला? पोर आहे घरात. चपलावाला समोर आहे. आणि मला कुणी बघायचं म्हटलं तर मीच त्याला बघून घेईन."

"वही कोण लिहिणार?"

मी म्हटलं, चहा टाक.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज मी एक उद्योग करून आले.

लिहिणारी बाजारात गेली तशी मी नाटकगृहात गेले. मागच्या दारानं. आत भर दुपारी संध्याकाळ! अंधारात कपड्यांच्या रांगा लटकलेल्या. सैनिक, परी, म्हातारा, वधू, सगळे नुसतेच अंगरखे, आत माणूस नाही. वाऱ्यानं बाह्या हलल्या. मला वाटलं, ही सगळी कुणाची तरी वाट बघत उभी आहेत. एका परीचा हात हातात घेऊन बघितला, काज उसवलं होतं. घरी असतं तर संध्याकाळपर्यंत नीट झालं असतं.

टाचणीबाई शिडीवर होती. मी खालून ओरडले, "माझी सून येतेय तुमच्याबरोबर!"

तिनं टाचण्या हातावर काढल्या. मी तिचे ओठ प्रथमच मोकळे पाहिले. "ती म्हणाली असं?"

"तोंडानं नाही म्हणाली. पण हो आहे तिचं."

घरी येऊन मी लिहिणारीला सांगितलं, "तू माझ्या नावावर हो म्हणालीस, मी तुझ्या नावावर हो म्हणाले. फिटंफाट!"

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

फिटंफाट नाही झाली. आज ती बोलली. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"सगळे माझ्या वतीनं ठरवतात. लग्न ठरवलं, दुकानात बसायचं ठरवलं. आता जायचं पण तुम्हीच ठरवणार? मी उद्या जाऊन 'नाही' म्हणून सांगून येणार. मी स्वतः."

माझ्यातल्या कोल्हिणीनं शेपूट घातलं. नात दारात उभी राहून म्हणाली, "आजी, या वेळी तू चुकलीस." चुकलेच. नाक खुपसलं की कधीतरी ते दारात सापडायचंच.

मग मी म्हटलं, वही आण. माझं चुकलं हे लिही. तिनं लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला, कागदा. माफ कर. तो मार माझ्या वाट्याचा होता.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी ती गेली, 'नाही' सांगायला. मी दुकान उघडलं. दुपारचं ऊन आलं, ठिपके हलले, गेले. ते तिघं आले नाहीत. दिवे लागले तरी ही आली नाही.

आली तेव्हा केसांत दोरे, पदरावर जरीचा चुरा, आणि चेहरा — तिच्या लग्नात मी तिला प्रथम पाहिलं होतं ना, त्याच्याही आधीची कुणीतरी मुलगी दारात उभी होती.

"राजाला बटणं चुकीची लावली होती," ती म्हणाली. "प्रेक्षकांना एवढ्या लांबून ती दिसलीच नसती. सगळी बदलली. मग परीची काजं उसवली होती."

"ती मी पाहिली होती. आणि 'नाही' सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तोंडात टाचण्या होत्या ना!"

आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो, की चपलावाला काय झालं बघायला आला. मग ती हसता हसता रडली. मी तिच्या केसांतले दोरे काढत बसले.

"जाऊ का, आई?"

मला विचारू नकोस, म्हटलं. माझ्या हो-नाहीचा काही भरवसा नाही. तुझं तू सांग.

तिनं सांगितलं. मोठ्यानं. पोरीनं आतून टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

हे लिहू नकोस —

सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं वाक्य कुणाला ऐकवायचं? दिवसभराचं ते पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं. मी काहीतरी खवचट बोलायचं आणि तिनं मान खाली घालून हसायचं, त्यानं कुलूप उघडतं. किल्ली नुसती नावाला. आता मी बरण्यांना टोमणे मारू का?

मनाचं काय सांगावं. काल स्वप्नात होडी होती, आणि मी काठावर. होडीतून कुणीतरी माझ्यासाठी दिवा हलवत होतं. मला हाक मारायची होती, पण ती दूर गेल्यावर तिला काय म्हणून हाक मारायची तेच आठवेना. "लिहिणारी" म्हणायची सवय. तिचं नाव घेऊन किती वर्षं झाली!

लिहिलंस ना? लिहू नकोस म्हटलं होतं. वाह्यात आहेस.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

तिच्या पेटीत प्रत्येक खणातलं एकेक बटण टाकलं. चिंधीला शिवून. वाटेत कुठं दुकानाची आठवण आली तर बोटांनी चाचपता येईल. तिनं पेटी उचलून बघितली आणि म्हणाली, "जड झाली." मी म्हटलं, "पेटी नाही, माझंच मन जड झालंय. ठेव खाली."

शनिवार, १ मार्च

कागदा, मला वाचता येत नाही, पण दिसतं. मुंग्यांनी आज रांग सोडलीय, जिकडेतिकडे पळताहेत. नात लिहितेय.

सकाळी गाडी सुटली. आमची सूनबाई शेवटच्या डब्यात, खिडकीशी. मी तिला नावानं हाक मारली. दुकानातून हिरव्या कापडाचा तुकडा नेला होता, तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत निशाणासारखा हलवत राहिले. हात दुखतोय.

शिकतेय.