पाडून दाखवलेला फोन

प्रिय धनराज,

‘प्रिय’ वाचून फुगू नको. पत्र असंच सुरू करतात असं शाळेत शिकवलं, म्हणून लिहिलं. मेसेज टाकला असता तर तू पुसून मोकळा झाला असता, आणि माझ्याजवळ फोन राह्यला कुठी? बायनाबाई बाजाराच्या दिवशी चारोळी विकाले अहेरीले जाऊन राह्यली, तिच्या हाती हे पाठवते. दुकानात गिऱ्हाईक असंल तर आधी त्याले वाटेले लाव. मधातच घडी घालून खिशात टाकू नको. तुले सगळं उभ्या उभ्या वाचाची सवय आहे, पण हे बसून वाच.

घरचं सांगते. तेंदूपत्ता सुरू झाला. पहाटे मी आणि आई जंगलात जातो, दुपारी पुडे बांधत बसतो. पुडे बांधता बांधता आई एकच विचारते, गुरुवारी काय होईल. येत्या गुरुवारी अहेरीत आमच्या वनहक्काच्या दाव्याची सुनावणी आहे हे तुले माहीतच आहे. नाल्याकाठचं ते धानाचं वावर, ती बांदी गेली तर धान पिकवाले आमच्याजवळ दुसरी वीतभर जागा नाई. बाबानं आणि त्याच्या बापानं ती हातानं काढली. बाबा गेल्यापासून आई करते. तुझा काका हरिदास म्हणते, त्यानं काढली. कागद दोघांजवळही नाई. अशा वेळी गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं बयान धरतात, आणि आपल्या गावात मुखरू आजापेक्षा म्हातारं कोणी नव्हतं. तो ना आमच्या नात्यातला, ना तुमच्या. पण कागदावर त्याचा अंगठा घ्याच्या आधीच तो फागुनात गेला. तवा त्याचं बयान उरलं ते फक्त माझ्या फोनमध्ये.

तो फोन आठवते ना? मागच्या वर्षी बाजारात तुझ्या टेबलासमोर गर्दी जमली होती. तू फोन छातीच्या उंचीवरून पाडायचा, उचलायचा, बाहीनं पुसायचा, पुन्हा पाडायचा. बाया तोंडाले पदर लावत होत्या. तू म्हणे, याले कव्हर लावणं म्हणजे पैलवानाले स्वेटर घालणं. मी तुझ्या त्या हसण्यावरच भाळली, आता लपवून काय करू. फोन घेतला, पण कव्हरासाठी अडून बसली. मी चारोळीच्या झाडावर चढते, नाला ओलांडते, माझा फोन तुझ्यासारखा टेबलावर बसून राहत नाई, असं म्हटलं. मंग जाडं काळं रबराचं कव्हर तुनंच आणून दिलं, आणि महिनाभर माझ्या फोनले कासव म्हणत राह्यला. पुढं कधीतरी नाल्यावर बसलो असताना बाजारातली खुबीबी सांगतली. खाली माती पाहाची आणि फोन पाठीवर सपाट पाडाचा, काही होत नाई. कोपऱ्यावर गोट्यावर पडला की काचही जाते आणि आतलं बोर्डही. ही गोष्ट तुनं फक्त मले सांगतली होती. येत्या दिवाळीनंतर लग्न होणार होतं आपलं, घरच्या माणसापासून काय लपवाचं, असं म्हणाला होता.

धान कापून झालं तवा आजाचा व्हिडिओ तूच काढला. माझे हात हलत होते म्हणून मी फोन तुझ्याकडं दिला. आजा काठी टेकत बांदीच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं चालला, तू त्याच्यापुढं उलट्या पावलानं चालला, तरी चित्र कुठी हललं नाई. फोनमधली जागा भरली म्हणाला, मधातच थांबून काहीतरी बोटं फिरवली आणि पुन्हा सुरू केलं. काय केलं ते मी विचारलं नाई. तुझ्या हातात फोन असला की मी काहीच विचारत नव्हती. ऐनाच्या झाडापाशी आजा थांबला, इथपर्यंत हरिदासचं, इथून नाल्यापर्यंत रुखमाच्या घरचं, असं आईचं नाव घेऊन बोलला. गावाले टॉवर मिळते त्या टेकडीवरून एवढा मोठा व्हिडिओ कुठी पाठवणं होत नव्हतं. मले वाटलं, राहू दे, फोन मजबूत आहे.

आजाची तेरवी झाल्यावर मी अहेरीले तुझ्या दुकानात आली. तू म्हणाला, दे इकडं, पेनड्राईव्हमध्ये टाकून देतो. फोन गरम झाला म्हणून कव्हर सोलून काढलं, माझ्या हातात दिलं, आणि मले चहा सांगाले पाठवलं. परत आली तवा फोन दाराच्या दगडी पायरीवर फुटून पडला होता. हात सुटला म्हणाला. दोन्ही सिम काढून मले दिले आणि नागपूरले पाठवतो म्हणून फोन ठेवून घेतला. तू डोक्याले हात लावून बसला होता, म्हणून मीच तुझी समजूत काढली. जाऊ दे, मुद्दाम केलं का तू, असं म्हटलं. त्या बोलण्याची मले आजही लाज वाटते, धनराज.

मंग तू गावाले येणं बंद केलं. पुढं दाव्याच्या कागदात तुझ्या सहीचं बयान निघालं, की लहानपणापासून ती बांदी काकालेच करताना पाह्यलं. चौकातली काकाची खोली तुझ्या दुकानाले मिळाली, हेबी त्याच हप्त्यात कळलं. तवा मले ती पायरी डोळ्यासमोर आली. फोनच्या कोपऱ्यावर पोचा होता, आणि एक नाई, तीन होते. एका वेळी तीनदा हात सुटते का कोणाचा? शंभरदा पाडून न फुटलेला फोन कसा फोडाचा, हे तुले माहीत होतं आणि मले माहीत होतं. मी मोठ्या मनाची नाई. तुले त्या नव्या खोलीसकट रस्त्यावर आलेला पाहाचं आहे मले.

कव्हर माझ्याकडंच राह्यलं होतं. आई म्हणाली, फोन नाई त कव्हर काय पुजाचं आहे, फेक. मी रागानं ते पिरगाळलं, त चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेलं काहीतरी पायावर पडलं. मेमरी कार्ड. आपल्या टेकडीवर एका कंपनीचा टॉवर, अहेरीत दुसऱ्या कंपनीचा, आणि फोनमध्ये दुसऱ्या सिमची आणि कार्डाची जागा एकच. म्हणून गावातून निघताना आम्ही सगळेच कार्ड काढून कव्हराच्या मागं ठेवतो आणि दुसरं सिम घालतो. त्या सकाळी मीबी तेच केलं होतं. कार्डात गाणे असतीन असं समजून मी ते बायनाबाईच्या फोनमध्ये घातलं, आणि आजा काठी टेकत समोर आला. तुझे ते बोटं फिरवणं काय होतं ते तवा कळलं. व्हिडिओ कार्डात जाईल असं तुनंच करून ठेवलं होतं आणि तूच विसरला. दोन सिम तुझ्या हातानं निघाले म्हणजे कार्ड आत नाई, एवढंबी मोबाईलवाल्याच्या ध्यानात आलं नाई. जन्मात कधी कव्हर लावलं असतं तर माणसं त्याच्या मागं काय काय ठेवतात ते माहीत राह्यलं असतं.

व्हिडिओच्या शेवटी तुझा आवाज आहे. बरोबर आहे आजा, मीबी लहानपणापासून हेच पाह्यलं, असं तू स्वच्छ बोलला आहे. त्याच्या तीन नकला करून तीन घरी ठेवल्या आहेत, शोधत फिरू नको. मले चूप राहता आलं असतं. मंग गुरुवारी सगळ्यांसमोर एकीकडं तुझी सही आणि एकीकडं तुझा आवाज, असं अचानक झालं असतं. पण तेवढ्यानं माझं भागत नाई. आम्ही मायलेकींनी दोन महिने जसे जागून काढले, तसे हे पाच दिवस तू काढ, म्हणून लिहिलं. काकाले सांगशील त खोली जाईल. नाई सांगशील त गुरुवार आहेच. पत्रासोबत कव्हर पाठवून राह्यली. मागं काही ठेवलं नाई, पाहून घे. तुझा फोन त्याच मापाचा आहे, गुरुवारी लावून ये. त्या दिवशी तुझा हात खरंच सुटंल.

एकेकाळी तुझीच असलेली,
दीपाली