मेझुझाच्या नळीतले चर्मपत्र

प्रिय सहधर्मचारिणीस,

तुझ्या प्रकृतीची चौकशी करण्याची सोय राहिलेली नाही, हे मान्य करूनही रीत म्हणून करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. (तुझी धाकटी बहीण वेगळे सांगेल, परंतु तुझ्यामागे पाळलेल्या शिवाचे, म्हणजे शोकाचे सातही दिवस स्वयंपाक तिचाच होता, हे ध्यानात घ्यावे.)

पत्रास कारण की, आपले भाड्याचे घर सोडून मी आज लेकीकडे राहायला जात आहे. नवे भाडेकरू आपल्या ज्यू धर्माचे नाहीत. तेव्हा नियमानुसार चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे धर्मवचनांचे चर्मपत्र ठेवायची नळी, उतरवून लेकीच्या दाराला लावणे आले. ही नळी एकतीस वर्षांपूर्वी मी स्वतः आणली, स्वतः ठोकली आणि येता-जाता तिला बोटे लावून ओठांशी नेण्यात कधीही कसूर केली नाही. (तू पिशव्या हातात असल्या की कोपर लावायचीस. त्याबद्दल तुला वेळोवेळी समज दिलेली आहे.)

लावण्यापूर्वी आतले चर्मपत्र तपासावे, म्हणून सोफेरकडे गेलो. म्हणजे आपली धर्मवचने हाताने लिहून देणाऱ्या त्या वृद्ध लेखनिकांकडे. त्यांनी भिंग लावले आणि म्हणाले, "अक्षर माझंच आहे. दर साडेतीन वर्षांनी बाई तपासायला आणायच्या."

मी त्यांना ठणकावून सांगितले की, नळी मी दुकानातून आणली तशीच आहे.

"नुसती नळीच आणली होतीत, साहेब. चर्मपत्र वेगळं घ्यावं लागतं. वर्षभरानं बाईंनी उघडली, तर आत दुकानाचा कागद. 'कोरड्या फडक्याने पुसावे.'"

सभास्थानातल्या पठणाचे दोष लेखी कळवणारा मी, वर्षभर त्या सूचनेला वंदन करीत होतो!

"मग मला का नाही सांगितलंत?"

"बाई म्हणाल्या, गप्प राहा, यांना कळलं तर दुकानदाराला चार पानी पत्र लिहितील."

हा आरोप निराधार आहे. पत्र दोनच पानांचे झाले. दुकान बंद पडल्यामुळे ते पाठवता आले नाही.

तुझा,
नियमांत चोख असलेला पती

ता.क. माझ्या अपरोक्ष आणखी काय काय दुरुस्त करून ठेवले आहेस, याची यादी हवी आहे. यापुढे ते सर्व मलाच पाहावे लागणार.

ता.क. २. "आत काही राहिलं नाही ना, काका?" असे घरमालकांनी विचारले. मी ठामपणे नाही म्हणालो. ते विधान मला तपासता आले नाही. दाराला कुलूप लावले. किल्ल्या परत केल्या.